मॉरिशसची पाठशाळा

सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवा प्रश्न ऐकूं येऊं लागला आहे. मुलगा अगर मुलगी जीवशास्त्र घेऊन पदवीधर होते, आणि पुढें वैद्यकाकडे अगर औषधांच्या कारखान्याकडे न वळतां, दूरच्या एखाद्या बेटावर जाऊन पक्ष्यांचा व वृक्षांचा अभ्यास करावयाचा म्हणते. आजोबा विचारतात, “पाखरें मोजण्यासाठीं समुद्र कशाला ओलांडावयाचा?” आजीला जेवणाखाण्याची काळजी; आणि वडील मनांतल्या मनांत खर्चाचा आंकडा मांडीत असतात. या शंकांची थट्टा करावी असें आम्हांस वाटत नाहीं. वडीलधाऱ्यांचें समाधान करणें हें शिकूं इच्छिणाऱ्याचें कर्तव्यच आहे. तें करण्यास कांहीं साहाय्य व्हावें म्हणून एका बेटाची हकीगत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस असलेलें मॉरिशस हें तें बेट. विस्तार अवघा १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणें जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाहूनही कमी. १८३४ पासून उंसाच्या मळ्यांवर जे मजूर हिंदुस्थानांतून तेथें नेण्यांत आले, त्यांत मराठी कुटुंबेंही होतीं; त्यांचे वंशज आजही तेथें गणेशचतुर्थी साजरी करतात. तेव्हां हें स्थळ आपणांस अगदींच परकें नव्हे.

ज्वालामुखीच्या रसापासून बनलेली ही भूमि कोणत्याही खंडास कधीं जोडलेली नव्हती. वाऱ्यानें, लाटांनीं अगर पंखांच्या बळावर जे जीव येऊन पोंचले, त्यांच्यापासूनच तेथील सृष्टि घडली. वटवाघळांवांचून दुसरा सस्तन प्राणी तेथें मूळचा नाहीं. शत्रूच नसल्यामुळें एका कबुतराचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या भूमीवरच वावरूं लागले, देहानें वाढले व उडणें विसरले, तोच डोडो. १५९८ सालीं डच खलाशी उतरले, आणि डोडो दिसल्याची बहुतेकांस मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ सालची आहे. इतक्या थोड्या अवधींत एक जात पृथ्वीवरून नाहींशी झाली!

हा दोष एकट्या बंदुकीचा अगर काठीचा नव्हे. जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरें व माकडें यांनीं अंड्यांचा फडशा पाडला. पुढें टोळधाड आवरण्यासाठीं १७६२ च्या सुमारास आपल्याकडील साळुंकी तेथें नेण्यांत आली, आणि उंदीर मारण्यासाठीं १९०० च्या सुमारास आपलें मुंगूस. मुंगुसानें उंदरांबरोबर पक्ष्यांचींही पिल्लें खाल्लीं. एक चूक निस्तरावयास आणलेला उपाय दुसरी चूक कसा होतो, याचा याहून स्पष्ट धडा आम्हांस ठाऊक नाहीं. आज तेथें उत्तम स्थितींतील मूळचें अरण्य शेंकडा दोनहूनही कमी उरलें आहे.

परंतु विद्यार्थी तेथें जातात ते केवळ नाशाचा इतिहास वाचण्यासाठीं नव्हे. त्या बेटावर ससाण्याच्या जातीचा एक लहान शिकारी पक्षी आहे. १९७४ सालीं त्याचे माहीत असलेले पक्षी केवळ चार होते. इतक्या क्षीण जातीवर द्रव्य खर्चूं नये, असें म्हणणारे जाणते लोकही होते. १९७९ सालीं कार्ल जोन्स हा वेल्स देशचा तरुण जीवशास्त्रज्ञ तेथें गेला. घरट्यांतील पहिलीं अंडीं काढून घेतलीं असतां मादी पुन्हां अंडीं घालते, ही गोष्ट ससाणे पाळणारांस ठाऊक होती. तिचा त्यानें उपयोग केला. काढलेलीं अंडीं उबवून पिल्लें वाढविलीं, रानांतील जोड्यांस वरून अन्न पुरविलें, घरट्यांसाठीं पेट्या टांगल्या. पुढें दहा वर्षांत तीनशेंहून अधिक पक्षी रानांत सोडले गेले. गुलाबी कबुतर आणि आपल्या पोपटाचा जवळचा आप्त असा तेथील हिरवा रावा, हे दोघेही अशाच परिश्रमानें वांचले आहेत.

किनाऱ्याजवळ ‘इल ओ एग्रेत’ नांवाचें २६ हेक्टरांचें एक लहानसें बेट आहे. तेथील आबनूस हा आपल्या टेंभुर्णीच्याच कुळांतला वृक्ष. त्याचीं फळें गिळून बीं दूर टाकणारीं प्रचंड कांसवें पूर्वींच नष्ट झालीं होतीं; म्हणून अल्दाब्रा बेटावरचीं कांसवें २००० सालीं तेथें सोडण्यांत आलीं. त्यांच्या पोटांतून गेलेलें बीं अधिक चांगलें रुजतें व रोपें दूरदूर उगवतात, असें पुढें मोजमापानें दिसून आलें.

याच्या उलट एक उदाहरण सांगणें अवश्य आहे. तांबालाकोक नांवाचा वृक्ष डोडोच्या पोटांतून बीं गेल्यावांचून रुजतच नाहीं, असें १९७७ सालीं एका शास्त्रज्ञानें प्रसिद्ध केलें. कल्पना इतकी मनोहर कीं ती पाठ्यपुस्तकांतही शिरली. परंतु डोडोच्या साहाय्यावांचून तें बीं रुजल्याच्या नोंदी वनरक्षकांनीं आधींच केलेल्या होत्या, आणि तरुण झाडेंही रानांत होतीं. सुंदर गोष्ट व खरी गोष्ट यांत भेद करावयास शिकणें हीच शास्त्राची दीक्षा. ती रानांत बसून वहींत आंकडे मांडल्यावांचून मिळत नाहीं. आजोबांच्या प्रश्नाचें आमचें उत्तर हेंच आहे. पाखरें मोजणारा एक तरुण नसता, तर मोजावयास तीं पाखरेंच उरलीं नसतीं.

तथापि घरच्या मंडळींनीं डोळे मिटून संमति द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. मार्गदर्शक कोण व त्यानें पूर्वीं काय प्रसिद्ध केलें आहे. पदवी कोणत्या विश्वविद्यालयाची. राहण्याजेवण्याचा खर्च कोण सोसणार, कारण रानांतील पुष्कळ जागा बिनपगारी असतात. आणि परत आल्यावर त्या विद्येचें काय करणार, हे चार प्रश्न अवश्य विचारावे. मुलगी असेल तर तिच्यासाठीं निराळा नियम नको. चौकशी मात्र दोघांविषयींही सारखीच कसून करावी. आणि सर्वांआधीं एक परीक्षा घरींच घ्यावी. जवळच्या देवराईंत वर्षभर, दर पंधरवड्यास एकदां जाऊन, कोणतें झाड केव्हां फुललें व त्यावर कोण येऊन गेलें, याची नोंद ठेवावयास सांगावी. श्रावणांतील जळवा व वैशाखाचें ऊन सोसून ज्याची वही पुरी झाली, त्याच्या प्रवासखर्चाची तजवीज घरानें खुशाल करावी.