टनांचे भाकीत आणि माणसांचा हिशेब

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याचे लॉजिस्टिक्स धोरण मंजूर केले. मालाची साठवण, चढउतार आणि वाहतूक यांसाठी दहा हजार एकरांहून अधिक क्षेत्रावर सोयी उभाराव्यात आणि त्यातून सुमारे पाच लाख रोजगार निर्माण व्हावेत, असा या धोरणाचा संकल्प आहे. त्यातील पाच राज्यस्तरीय केंद्रांच्या यादीत छत्रपती संभाजीनगर–जालना या पट्ट्याचे नाव आहे. समृद्धी महामार्ग जालना व बदनापूर तालुक्यांतून गेलेला आहेच. जालना–नांदेड द्रुतगती मार्ग आखला गेला आहे, दिनेगावजवळ ‘ड्राय पोर्ट’ म्हणजे कोरडे बंदर व्हायचे आहे आणि जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ७,१०६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली आहे. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण पुन्हा खरी ठरणार, असे व्यासपीठांवरून सांगितले जात आहे. या पाळण्यात कोण झोपणार आणि त्याची दोरी कोण ओढणार, हा प्रश्न मात्र व्यासपीठांवरून विचारला जात नाही. तो समाजवाद्यांनी विचारला पाहिजे.

या सर्व योजनांच्या मुळाशी एक भाकीत आहे. देशातील मालवाहतूक येत्या पंचवीस वर्षांत अनेक पटींनी वाढणार, असे ते भाकीत. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातील मालमोटारींची संख्या ४० लाखांवरून २०५० पर्यंत सुमारे १ कोटी ७० लाखांवर जाईल. असे आकडे अभ्यासाने काढलेले असतात आणि त्यांचा उपहास करण्याचे कारण नाही. पण भाकीत ही पंचांगातील ग्रहगती नव्हे. सरकार ज्या दिशेने पैसा ओतते त्या दिशेने माल वळतो आणि मग वळलेला माल दाखवून त्याच दिशेने अधिक पैसा मागितला जातो. आकडेही वाटतात तेवढे निश्चित नसतात. मालवाहतुकीवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा-चौदा टक्के खर्च होतो, हा दाखला देशात वर्षानुवर्षे दिला जात होता. याच गृहीतकाच्या जोरावर मोठमोठ्या योजना मांडल्या गेल्या. केंद्र सरकारसाठीच झालेल्या पुढील अभ्यासांत हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास निघाले. ज्या रोगाचे माप जवळजवळ दुपटीने चुकले, त्याच्या औषधाची मात्रा पुन्हा तपासून पाहण्याचे कष्ट कोणी घेतल्याचे दिसत नाही.

जालन्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. निजामाच्या राजवटीत विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला तो मीटरगेज. मनमाडला ब्रॉडगेज गाठताच मराठवाड्याचा माल एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. वेळ जाई, माल फुटे, हमाली दोनदा पडे. मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला, १९६० मध्ये संयुक्त महाराष्ट्रात आला, १९८१ मध्ये जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही ही दुहेरी हमाली चालूच राहिली. रुंदीकरणासाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांना लोकआंदोलने उभारावी लागली आणि १९९० नंतरच्या दशकात रुळांची रुंदी एकदाची बदलली. त्यानंतरही मार्ग एकेरीच राहिला. छत्रपती संभाजीनगर–परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळायला जुलै २०२५ उजाडावा लागला.

जिल्ह्याचा माल रस्त्यावर आला तो या दिरंगाईतून. व्यापाऱ्याने ट्रक पसंत केला, असे म्हणणे अर्धसत्य आहे. रेल्वेने त्याच्यासमोर दुसरा पर्यायच ठेवला नाही. देशभर हेच घडले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील मालवाहतुकीचा चार पंचमांशाहून मोठा भाग रेल्वे वाहत असे. आज तो तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली आहे. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेऊ, असे राष्ट्रीय रेल्वे योजना सांगते. रेल्वेला एक टन माल एक किलोमीटर नेण्यासाठी ट्रकच्या मानाने कितीतरी कमी इंधन लागते, हे शासनाला ठाऊक आहे. तरीही नागपूर–मुंबई हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग भूमिपूजनापासून सात वर्षांच्या आत, ५ जून २०२५ रोजी, पूर्ण होतो. आणि जालना–खामगाव लोहमार्गाची मागणी मात्र शंभर वर्षांहून जुनी होऊनही कागदावरच राहते. यंत्रणेला वेग ठाऊक नाही असे नाही. तो वेग कोणासाठी वापरायचा, हे आधीच ठरलेले असते.

नव्या लोहमार्गाची मागणी आली की परताव्याचा निकष पुढे केला जातो. जिथे वाहतूक नाही तिथे मार्ग कशाला, असे विचारले जाते. आणि मार्ग नाही म्हणून तिथे वाहतूक वाढत नाही. मागासलेल्या भागाभोवतीचा हा फास राजकीय इच्छाशक्तीच तोडू शकते. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला लाकडी फळीऐवजी गादी दिली. १९८९–९० मध्ये त्या खात्यावर आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी कोकण रेल्वेला स्वतंत्र महामंडळाचे रूप देण्याचा मार्ग मोकळा केला आणि १९९८ मध्ये ती धावू लागली. नुसती भाकिते चाळत बसले असते तर यांतले काहीच झाले नसते.

कोरड्या बंदराची कथा याच प्रकाशात पाहावी. जालन्याचे पोलाद कारखाने मुख्यतः भंगार वितळवून सळई तयार करतात. या भंगाराचा मोठा भाग समुद्रमार्गे न्हावाशेव्याला येतो आणि तेथून सुमारे चारशे किलोमीटर रस्त्याने जालन्यास पोहोचतो. तयार सळईही बहुतांशी रस्त्यानेच बाहेर जाते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापिलेल्या महिको कंपनीपासून या शहराने बियाण्यांच्या व्यापारात नाव मिळवले. सरकी, कापसाच्या गाठी, सोयाबीन, मोसंबी असा जड माल जिल्ह्यातून सतत बाहेर जातो. अशा ठिकाणी सीमाशुल्काची तपासणी गावातच व्हावी आणि कंटेनर रेल्वेने थेट बंदरात जावा, ही कल्पना निःसंशय योग्य आहे. समाजवाद्यांनी तिला विरोध करू नये. परंतु तिची कोनशिला डिसेंबर २०१५ मध्ये बसली आणि त्यानंतर सहा वर्षे उलटल्यावर, २०२२ मध्ये, ती बहुविध वाहतूक केंद्र म्हणून विकसित करण्याचा नवा करार झाला. मधल्या काळात शेजारून महामार्ग पूर्ण होत गेला. रेल्वेची जोड दुय्यम राहून महामार्गाचीच जोड प्रमुख ठरली, तर कोरडे बंदर म्हणजे ट्रकांचा एक मोठा तळ होईल आणि त्याचा धूर व धूळ जालनेकरांच्या वाट्याला येईल.

या वाहतुकीचे ओझे प्रत्यक्ष वाहणाऱ्या माणसाचा हिशेब कोणत्याही धोरणात सापडत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा; तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत अमलात होता. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास, ही कामाची मर्यादा त्याने घालून दिली. परंतु पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच तो लागू होत असे आणि देशातील बहुसंख्य ट्रकमालकांजवळ एक-दोन गाड्याच असतात. म्हणजे ज्या चालकाला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तोच या कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिला. हे मालकही बहुधा कर्जात बुडालेले असतात. त्यांचे भाडे ठरवतो तो दलाल आणि दलालामागे उभी असलेली बडी कंपनी. २०१८ मध्ये केंद्राने मालमोटारींची आसभार मर्यादा वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढवली. त्याच चालकाने, त्याच थकलेल्या डोळ्यांनी अधिक वजन ओढावे, एवढाच त्याचा चालकापुरता अर्थ झाला. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांत चालकासाठी वातानुकूलित कक्ष सक्तीचा झाला, हे चांगलेच आहे. पण थंड हवा ही झोपेची जागा घेऊ शकत नाही.

समृद्धी महामार्ग खुला झाला तेव्हा त्यावर विश्रांतीच्या सोयी अपुऱ्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर प्रवासी गाडी आदळून बारा जण मरण पावले. त्याआधी ऑगस्टमध्ये शहापूरजवळ याच महामार्गाच्या बांधकामावर यंत्र कोसळून वीस जण दगावले. त्यांत बहुतेक परप्रांतांतून आलेले श्रमिक होते. रस्ता बांधणारा आणि रस्त्यावर राबणारा असे दोघेही बळी जातात, आणि उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर दोघांपैकी एकाचेही नाव नसते.

तरी हा वर्ग दुर्बळ आहे असे समजू नये. नव्या न्यायसंहितेत अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरच्या चालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील टँकर उभे राहिले आणि मराठवाड्यातील पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारला ते कलम तूर्त अमलात न आणण्याचे आश्वासन द्यावे लागले. मे १९७४ च्या रेल्वे संपाने जे दाखवले होते तेच यातून पुन्हा दिसले: वाहतूक हा अर्थव्यवस्थेचा गळा आहे आणि तो कामगाराच्या हातात आहे. उणीव आहे ती संघटनेची. हमालांच्या बाबतीत ती उणीव महाराष्ट्राने काही अंशी भरून काढली. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीचे काम आणि १९६९ चा माथाडी कायदा ही त्याची साक्ष आहे. उद्याच्या कोरड्या बंदरात, शीतगृहांत आणि खासगी गोदामांत हा कायदा पोहोचणार की नाही, यावर त्या पाच लाख रोजगारांची किंमत ठरेल. नोंद नसलेला, कंत्राटदाराने आणलेला, आजारी पडताच काढून टाकलेला हमाल हासुद्धा आकडेवारीत रोजगारच असतो.

शेतकऱ्याचा हिशेब याहून वेगळा नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण दूरच्या बाजारात गेलेल्या फळाच्या पट्टीतून भाडे, हमाली, तोलाई, अडत वजा होता होता बागाईतदाराच्या हाती काय उरते, हे अंबड–घनसावंगीत सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२० मध्ये किसान रेल सुरू झाली, फळभाज्यांच्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली आणि लहान शेतकऱ्याला दूरच्या बाजाराची वाट दिसली. पुढे ती सवलत थांबली. डिझेल महागले की भाडे वाढते, भाडे वाढले की शेतावरचा भाव पडतो. डिझेल स्वस्त झाले म्हणून भाडे उतरल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते. शेतमालाचे आणि कारखानी मालाचे भाव बांधा, असे डॉ. लोहिया सांगत. त्या मागणीत मालाच्या भाड्याचाही समावेश केल्याशिवाय ती आज पूर्ण होणार नाही.

शिवाय प्रत्येक भाकिताला जमीन लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक केले होते. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने त्यातून पळवाटा काढून ठेवल्या. जालना–नांदेड मार्गासाठी जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांना समृद्धीच्या धर्तीवर मोबदला मागत आंदोलन करावे लागले. एकाच जिल्ह्यातल्या एकाच काळ्या मातीचे दोन भाव कसे, या त्यांच्या प्रश्नात कोणताही हटवादीपणा नाही. ज्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत २०२३ मध्ये आरक्षणाच्या मागणीने उग्र रूप घेतले, त्या तालुक्यातील तरुणांचा असंतोष शेतीच्या तुकड्यांतून आणि नोकऱ्यांच्या दुष्काळातून आलेला आहे. त्यांच्या शेताकडेने कंटेनर धावत राहिले आणि त्यांच्या हाती गोदामाच्या रखवालीची लाठीच आली, तर त्या विकासाला ते आपला का म्हणतील?

रस्ते नकोत, असे कोणी म्हणत नाही. रस्त्याने रुग्णालय जवळ येते, मुलगी महाविद्यालयात जाते, एस. टी. वेळेवर पोहोचते. मागणी आहे ती क्रम बदलण्याची. जालना–जळगाव मार्ग आणि परभणीपर्यंतचे दुहेरीकरण यांना ठराविक मुदत घालून, दर सहा महिन्यांनी प्रगती जाहीर झाली पाहिजे. कोरड्या बंदराचा करार करताना रेल्वेने किती माल जाईल, याचे किमान प्रमाण त्यात लिहिले पाहिजे. कामगारसंख्येची कोणतीही अट न ठेवता प्रत्येक चालकाला तासांची मर्यादा आणि महामार्गावर विश्रांतिगृह मिळाले पाहिजे. प्रत्येक गोदामात पहिल्या दिवसापासून माथाडी नोंदणी झाली पाहिजे. शेतमालाच्या रेल्वेभाड्यातील सवलत कायम झाली पाहिजे. जमिनीचा मोबदला ठरवण्याआधी ग्रामसभेसमोर प्रकल्पाचा पूर्ण हिशेब ठेवला गेला पाहिजे.

या मागण्या निवेदनांच्या फायलीत पडून राहण्यासाठी नाहीत. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी मोंढ्यात, ट्रक तळांवर आणि रोलिंग मिलच्या दारांत जाऊन हमाल, चालक आणि शेतकरी यांना एका सभेत आणले पाहिजे. मालाची एकच गोणी या तिघांच्या हातून जाते. तरी आजवर त्यांची गाठ पडते ती भाड्याच्या भांडणातच. ही भांडणे मिटवून त्यांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, की २०५० मध्ये किती टन माल धावेल यापेक्षा तो कोणाच्या अटींवर धावेल, हा प्रश्न शासनाला टाळता येणार नाही.