घोरपड, वैकुंठ आणि रमाबाई

उमरठला तानाजींच्या समाधीपाशी घोरपडीचा विषय हमखास निघतो. यशवंती नावाच्या घोरपडीच्या कमरेला दोर बांधून मावळे कडा चढले, असे पोवाडा सांगतो. इतिहासाचे अभ्यासक नकारार्थी मान हलवतात. पण समाधीपुढे हात शाहीर आणि अभ्यासक दोघेही जोडतात. पोवाडा कशासाठी गायचा हे ठाऊक असले की घोरपडीपायी कुणाची श्रद्धा जात नाही.

बायबलवरून ख्रिस्ती पंथांत चाललेला वाद मला इथेच नीट कळतो. ग्रंथ ईश्वरप्रेरित आहे, हे सगळ्यांनाच मान्य. पण बिनचूक काय? १९७८च्या शिकागो जाहीरनाम्यावर सह्या करणारे इव्हँजेलिकल म्हणाले, मूळ संहितेत इतिहास-विज्ञानाचीही चूक नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शब्द जपून वापरले: आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवून ठेवायचे होते, ते शास्त्र न चुकता शिकवते. त्या 'तारणासाठी'चा अर्थ किती ताणायचा, यावर कॅथलिक पंडित अजून भांडतात.

आपल्या मराठीत हा वाद वेगळ्याच रूपात उतरला: शास्त्र कोणत्या शब्दांत सांगायचे? इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. ते भाषांतर नव्हेच. सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितलेली ती कथा, मंडळींनी बसून ऐकायची. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायला फादरांना काही वाटले नाही.

पंडिता रमाबाईंना असला शब्द चालला नसता. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्या आपल्या अँग्लिकन गुरुभगिनींशीच वाद घालत राहिल्या: शास्त्र मी स्वतः वाचीन, अर्थही मीच लावीन. मग उतारवयात बायबलच्या मराठी भाषांतरासाठी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक घेऊन बसल्या आणि जुन्या धर्माचा वास येणारे शब्द एकेक करून वेचून काढले. वाचक म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे होती नुकतीच अक्षरे शिकलेली बाई.

कानाला मला फादरांची ओवी अधिक गोड लागते. तरी माझे मत रमाबाईंना. पुस्तक कुणाच्या हाती द्यायचे, हे त्यांनी आधी ठरवले आणि मग शब्द निवडले. १९२२ साली त्या गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले.