सातबारा नसलेला नाल

आमच्या जाफराबादेत जमिनीतून काही निघालं, की ते कुणाचं हे लगेच ठरतं. गढीच्या बाजूला निघालं तर औरंगजेबाचं, शेतात निघालं तर महाराजांचं आणि केळनेच्या काठाला निघालं तर थेट वेलस्ली साहेबाचं. यांच्यापेक्षा लहान माणसाची वस्तू आमच्या तालुक्यात कधी हरवलीच नाही, अशी सगळ्यांची खात्री आहे.

पूर्वी उकराउकरीचं हे काम नांगराचा फाळ करी. आता धातू हुडकणारं यंत्र आलं आहे. यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही. ते बिचारं प्रामाणिक आहे. धातू लागला की केकाटतं आणि गप्प बसतं. हा धातू अमुक शतकातला, असं ते कधी म्हणत नाही. ते काम यंत्र धरणारा करतो. मी उभी हयात इतिहास शिकवला, म्हणून शिक्कामोर्तबासाठी सगळी मंडळी माझ्या ओट्यावर येतात.

"गुरुजी, वेलस्लीच्या घोड्याचा नाल!"

आता असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ला. त्या दिवशी वेलस्लीच्या अंगाखालचे दोन घोडे जायबंदी झाले, हे खरं. दोन घोड्यांचे नाल होतात आठ. माझ्या ओट्यावर आजवर आले सतरा! त्यातले निम्मे चपटे, अर्ध्या चंद्रासारखे. अहो, घोड्याचा खूर अखंड, त्याला एक नाल. बैलाचा दुभंगलेला, म्हणून त्याला दोन पत्र्या. वेलस्ली असईला बैलावर बसून आला होता, असं एकदा जाहीर करा म्हणजे मी सही करतो.

दुसरे एक गृहस्थ तांबूस नाणं घेऊन आले. त्यावरचा उर्दू आकडा त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला होता : १३२९. "महंमद तुघलक!" तुघलकानं त्याच सुमाराला तांब्याची नाणी पाडून खजिन्याचं वाटोळं केलं, हेही खरं. पण आकडा होता हिजरी सनाचा. हिजरी १३२९ म्हणजे इसवी १९११, सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर बसले ते साल. एका वाक्यात जवळजवळ सहा शतकं खाली आणली म्हणून ते गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत.

इथवर सगळी गंमत आहे. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. वस्तू आणणाऱ्याला मी विचारतो, "कुठं सापडली? किती खोल? शेजारी काय होतं?" उत्तर ठरलेलं : "तिकडं, नाल्याच्या अंगाला." आणि हात चारी दिशांना फिरतो. शिवाय येताना चिंच आणि राख लावून वस्तू समईसारखी लख्ख केलेली असते. म्हणजे गंजाचा पुरावा मोरीत गेला आणि जागेचा पोटात राहिला. आता मी काय ओळखू, कपाळ?

शहाण्यांचीही इथं गाडी अडते. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार मूर्ती निघाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. वजन मिळून साठ किलोंच्या वर. विद्वानांनी त्यांना सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळात बसवलं, तर काहींनी शंका काढली. शंकेचं एक मोठं कारण म्हणजे त्या शास्त्रीय उत्खननात, मातीच्या थरांच्या हिशेबानं निघाल्या नव्हत्या. साठ किलोंची ही गत, तर तुमच्या पावशेर नालाची काय कथा!

हेच यंत्र नीट वापरलं तर काय होतं, तेही ऐका. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नची लढाई झाली १८७६ मध्ये. १९८४ मध्ये संशोधक यंत्रं घेऊन त्या माळावर फिरले. जिथं आवाज आला तिथं खूण, नकाशावर नोंद आणि मग वस्तूला हात. गोळ्या-काडतुसांच्या जागांवरून कोण कुठून कुठं सरकलं ते कळलं. तिथल्या मूळ रहिवाशांनी सांगितलेल्या ज्या हकिकती इतकी वर्षं कुणी मनावर घेतल्या नव्हत्या, त्यांना बळ मिळालं.

असईची हकिकत आपण वाचतो ती बहुतेक साहेबाच्या कागदांतून. त्यांच्या एका पलटणीनं त्या विजयाखातर निशाणावर हत्ती मिरवला. शिंद्यांचे गोलंदाज तोफा न सोडता तोफांपाशीच कापले गेले. त्यांची बखर लिहायला कोण उरलं होतं? त्यांची साक्ष आहे ती त्या काळ्या मातीत, शिशाच्या गोळीच्या रूपानं. एक गोळी म्हणजे नुसतं शिसं. पण जागेसकट शंभर गोळ्या म्हणजे उभी फळी. ती तुम्ही उपटता आणि काचेच्या कपाटात लग्नाच्या फोटोशेजारी ठेवता.

"सरकारदरबारी कळवायचं म्हणजे फेऱ्या, गुरुजी!" पडतील फेऱ्या. सातबाऱ्यावरचं एक अक्षर चुकलं तर आपण वर्षभर फेऱ्या मारतोच ना? जागा हाच जुन्या वस्तूचा सातबारा. तो नसेल तर नाल बैलाचा काय, वेलस्लीचा काय, भंगारवाल्याला दोन्ही सारखेच. आणि १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुराणवस्तूच ठरते. तुघलकाच्या नावानं आलेला तो निजामी पैसासुद्धा.

तेव्हा यंत्र केकाटलं तर कुदळ बाजूला ठेवा. जागा लिहा, फोटो काढा, पुरातत्त्व खात्याला कळवा. वस्तू आधीच वर आली असेल, तर आहे तशी मातीसकट कागदात गुंडाळा. चिंच आमटीला राहू द्या.