खासगी रुग्णालयांतील बिल आकारणी व वसुलीबाबत बिलिंग कर्मचाऱ्यांचे निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई – ४०० ०३२

विषय : रुग्णाला चालू बिल रोजच्या रोज मिळावे व वसुलीचा भार काउंटरवरील कर्मचाऱ्यांवर टाकू नये याबाबत.

महोदय,

आम्ही राज्यातील निरनिराळ्या खासगी व धर्मादाय रुग्णालयांत बिलिंग, कॅश आणि टीपीए (विमा दावे) डेस्कवर काम करणारे कर्मचारी आहोत. खाटेचे भाडे, डॉक्टरांची फी, औषधांची किंमत यांतले काहीही आम्ही ठरवत नाही. पण या सगळ्याची बेरीज नातेवाइकांना आम्ही सांगतो आणि तिच्यावरून होणारा वादही आमच्याच काउंटरवर होतो. रुग्णांच्या तक्रारी आपल्यापर्यंत येतच असतात. काउंटरच्या आतून काय दिसते, ते सांगण्यासाठी हे निवेदन.

सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणतात. नातेवाईक पिशव्या भरून खाली येतात. डिस्चार्ज समरी टाइप व्हायची असते, वॉर्डमधून फाईल यायची असते, उरलेली औषधे फार्मसीत परत जमा व्हायची असतात. विमा असेल तर कंपनीची एखादी क्वेरी असते. फायनल बिल निघेपर्यंत चार-पाच वाजतात. दाखल झाल्यापासूनचा सगळा हिशोब घरच्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसतो.

मध्यंतरी एका शेतकरी गृहस्थांनी नऊ पानी बिलावर बोट ठेवून विचारले, “आरएमओ व्हिजिट चौदा, म्हणजे काय? मी बापाच्या उशाशीच बसून होतो. डॉक्टर दिवसातून एकदाच यायचे.” आरएमओ म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी. सात दिवस, रोज दोन, असे ते चौदा. खाटेचे भाडे, नर्सिंग चार्ज आणि या व्हिजिट त्या रुग्णालयात रात्री बारा वाजता सिस्टीममध्ये आपोआप चढतात. डॉक्टर खरोखर किती वेळा आले, याची नोंद वॉर्डातल्या फाईलमध्ये असते. आमच्या स्क्रीनवर ती दिसत नाही. हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी आला असता, तर सिस्टरांना विचारून खातरजमा करता आली असती. आठव्या दिवशी आम्ही फक्त ‘वर विचारून सांगतो’ एवढेच म्हणालो. ते तासभर थांबले, मेहुण्याला फोन लावून पैसे मागवले आणि भरून गेले. त्यांचे म्हणणे खरे होते की नाही, हे आम्हाला आजही माहीत नाही.

नियम नाहीत, अशी आमची तक्रार नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने १५ प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. पण दरफलकावर एका व्हिजिटचा दर कळतो. व्हिजिट किती झाल्या, ते कळत नाही. कोविडकाळात २१ मे २०२० च्या अधिसूचनेने ८० टक्के खाटांना दरांची मर्यादा घातली : वॉर्डसाठी रोज ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. तेव्हा सरकारी लेखापरीक्षक बिले तपासत. नातेवाइकांनी हुज्जत घातली, तर निदान अधिसूचनेचा कागद आम्ही पुढे करू शकत होतो.

रुग्णालयांचे पगार, वीज आणि ऑक्सिजनचा खर्च थांबत नाही, हे आम्ही रोज पाहतो. वसुली व्हायलाच हवी. पण तिसऱ्या दिवशी आकडा कळलेले घर सोय करू लागते. आठव्या दिवशी कळलेले घर भांडू लागते. म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. आदल्या दिवसाचे चालू बिल रोज सकाळी १० पर्यंत मराठीत, छापील स्वरूपात द्यावे. प्रत्येक व्हिजिटपुढे डॉक्टरांचे नाव व वेळ असावी. हरकतीसाठी रकाना असावा आणि हरकतीला २४ तासांत लेखी उत्तर मिळावे.

२. व्हिजिट, मॉनिटर, नेब्युलायझेशन यांची रक्कम वॉर्डातील नोंदीशिवाय सिस्टीममध्ये आपोआप चढवण्यास मनाई करावी.

३. हृदयाच्या स्टेंटचे दर २०१७ मध्ये नियंत्रणात आले, तेव्हापासून बिलात स्टेंटची किंमत, कंपनी व बॅच क्रमांक वेगळा दाखवावा लागतो. सर्व इम्प्लांट्सना हाच नियम लावावा. ग्लोव्हज, सिरिंज आदी वस्तूंची नगवार संख्या द्यावी.

४. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस डिस्चार्जची अंतिम मंजुरी कंपनीने तीन तासांत द्यायची आहे. कागद पाठवल्याची आणि मंजुरी आल्याची वेळ बिलावर छापावी. उशीर रुग्णालयाकडून झाला की कंपनीकडून, हे त्याशिवाय नातेवाइकांना कळत नाही.

५. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्याचा अर्ज रुग्ण दाखल होतानाच, डिपॉझिटच्या पावतीआधी नातेवाइकांच्या हातात द्यावा. आज अनेकांना ही योजना शेवटच्या दिवशी, कोणीतरी सांगितले म्हणून कळते.

६. थकबाकीपायी मृतदेह अडवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत डिस्चार्ज मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे. तरीही ‘गेटपास थांबवा’ हा आदेश आम्हाला फोनवरून, तोंडी मिळतो. वसुलीसंबंधीचा प्रत्येक आदेश व्यवस्थापनाने सहीनिशी लेखी द्यावा. हप्त्यांची सोय असावी. बुडालेली रक्कम आमच्या पगारातून कापू नये.

७. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्धच्या २०१० च्या राज्य कायद्यात डॉक्टर, परिचारिका आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे. काच फुटते ती बहुधा आमच्या काउंटरची. बिलिंग कर्मचाऱ्यांचा त्यात स्पष्ट समावेश करावा.

पहिल्या मागणीला नवी यंत्रणा लागत नाही. चालू बिल आजही सिस्टीममध्ये एका बटणावर निघते. डिपॉझिट संपत आले की तेच पाहून आम्ही नातेवाइकांना फोन करतो. ते त्यांच्या हातात देण्याचा आदेश तेवढा नाही.

याबाबत आपण बैठकीसाठी वेळ द्यावा, ही विनंती. रुग्णांची नावे खोडलेली नमुना बिले घेऊन आम्ही येऊ. आमची नावे व कामाची ठिकाणे सोबतच्या बंद पाकिटात आहेत. ती कोणत्याही रुग्णालयाला कळवू नयेत. आम्हाला उद्याही त्याच काउंटरवर बसायचे आहे.

आपले नम्र,
खासगी व धर्मादाय रुग्णालयांतील बिलिंग कर्मचारी

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, आरोग्य सेवा