शिवी लागते कुणाला?

मुलांनो,

"बाई, यानं मला घाण शिवी दिली!"

मधली सुट्टी संपली की कुठल्याही वर्गात हमखास येणारी ही तक्रार. "कुठली रे?" म्हणून विचारलं की तक्रार करणारा गप्प! कारण शिवी सांगायची तर ती आपल्याही तोंडून जाणार. मग शिवी देणाऱ्याकडे वळलं की त्याचं उत्तर तयार असतं, "बाई, पिक्चरमध्ये पण देतात. मोबाइलवर तर सगळेच देतात."

आता हे काही खोटं नाही. त्यात आपलं बोईसर म्हणजे तारापूरच्या कारखान्यांमुळे सगळ्या प्रांतांची माणसं एका गावात. एका गल्लीत मराठी, वाडवळी, वारली, हिंदी, गुजराती, भोजपुरी ऐकू येते. जितक्या भाषा, तितक्या शिव्या! तेव्हा तुमचा प्रश्न बरोबरच आहे: पिक्चरमध्ये चालतं, मग आम्हालाच का नाही? मोठ्यांचा प्रश्न याच्या उलटा असतो: पिक्चरमध्ये तरी का चालावं? सरकारनं सरळ कापून का टाकू नये? आज या दोन्ही प्रश्नांकडे जरा नीट बघू या.

शिव्या पिक्चरनं आणल्या असं वाटत असेल तर ते मात्र चूक. हजार-आठशे वर्षांपूर्वी कोकणात शिलाहार राजांचं राज्य होतं. राजानं कुणाला जमीन दान दिली की तसा लेख दगडावर कोरून तो दगड उभा करत. 'हे दान जो मोडील...' असं म्हणून पुढे चक्क शिवी कोरलेली असे आणि सोबत गाढवाचं चित्र. अशा दगडाला 'गधेगाळ' म्हणतात. गाळ म्हणजे शिवी. म्हणजे बघा, तेव्हा शिवी कापणारं सरकार नव्हतं, शिवी कोरणारं सरकार होतं! पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. दान मोडणार तो माणूस, आणि दगडावरची शिवी मात्र त्याच्या आईला. असं का? याकडे आपण शेवटी येऊ.

आपल्या लोकांनी शिवीला कुंपणही घातलं होतं. होळीला बोंब मारायची, शिमग्याच्या दिवसांत तोंड मोकळं सोडायचं, पण सण सरला की तोंड आवरायचं. सगळ्यांना ते जमत नसे, म्हणून तर 'शिमगा गेला तरी कवित्व उरतं' ही म्हण आली.

गंमत म्हणजे शब्द तोच, पण कधी शिवी असतो, कधी लाड. 'मेल्या' म्हणजे काय? मेलेला! केवढा भयंकर शाप! पण आजी म्हणते, "मेल्या, किती वाळलास रे!" आणि पुढ्यात लाडू ठेवते. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलं. त्यातल्या ठसकेबाज बोलण्यावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे पोट धरधरून हसले. म्हणजे नुसता शब्द पाहून चालत नाही. कोण कुणाला, कुठं आणि कशासाठी म्हणतो, तेही पाहावं लागतं.

कात्रीची खरी अडचण इथंच होते. आपल्या राज्यात नाटकाचा प्रयोग होण्याआधी त्याची संहिता परिनिरीक्षण मंडळ तपासतं. १९७२ साली विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' हे मोठ्या माणसांसाठीचं नाटक कमलाकर सारंग यांनी रंगभूमीवर आणलं. सखाराम हा छापखान्यात बाइंडिंग करणारा, तोंडाळ आणि घरातल्या बाईला मारझोड करणारा माणूस. निळू फुले यांनी ते काम केलं होतं. मंडळानं पुष्कळ ठिकाणी कात्री लावायला सांगितली. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नाटकाची वाट मोकळी झाली. आता विचार करा, सखाराम 'अहो-जाहो' करत गोड बोलू लागला, तर तो माणूस किती वाईट वागतो हे प्रेक्षकाला कळणार कसं? शिवी तिथं शोभेला नव्हती, ती सखारामची ओळख होती.

दुसरी बाजूही ऐका. कात्री हातात आली की ती शिवीपाशीच थांबेल असं नसतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रज सरकारनं १९१० साली बंदी घातली. शिव्यांसाठी? छे! द्रौपदीला छळणाऱ्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला होता, म्हणून.

सिनेमाचं मंडळ वेगळं. त्याचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. लोक त्याला 'सेन्सॉर बोर्ड' म्हणतात, पण १९८३ पासून त्याच्या नावात 'सेन्सॉर' नाही, 'प्रमाणन' आहे. म्हणजे हा चित्रपट कुणी पाहावा याचं प्रमाणपत्र देणं. तरी कात्री सुटली नाही. २०१५ साली या मंडळाकडून चित्रपटात नकोत अशा शब्दांची यादीच निघाली. मंडळातल्याच काही सदस्यांना ती पटली नाही आणि यादी थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, 'उडता पंजाब' या अमली पदार्थांच्या व्यसनावरच्या चित्रपटाचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मंडळाला शिव्या तर नको होत्याच, पण पंजाबातल्या गावांची नावंही नको होती! न्यायालयानं एकच काट ठेवून चित्रपट फक्त प्रौढांसाठी सोडला.

आणि यादी केली तरी दादा कोंडक्यांचं काय करणार? शब्द सगळे घरगुती, वाक्यही साधं. पण त्याला दुसरा अर्थ, आणि तो ऐकणाऱ्याच्या मनात! तिथं कात्री कशाला लावायची?

म्हणून मला वाटतं, कापण्यापेक्षा पाटी लावणं बरं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटांना यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे वयाचे शिक्के आले आहेत. वेब मालिका मंडळाकडे जात नाहीत. २०२१ च्या नियमांनुसार तो शिक्का दाखवणाऱ्या कंपनीनंच मारायचा असतो आणि १३ वर्षांवरच्यांसाठीच्या कार्यक्रमांना कुलपाची सोय द्यायची असते. आई-बाबांनो, ही सोय तुमच्यासाठी आहे. पाटी लावणारा पाटी लावून गेला, आता ती वाचायची कुणी? आणि रागाच्या भरात आपल्याच तोंडून घरात काय निघतं, त्याला तर कुठलाच शिक्का नसतो.

आता मुलांनो, तुमचा प्रश्न. पिक्चरमधल्या माणसाला शिवी लेखकानं दिलेली असते. दिग्दर्शक 'कट' म्हणाला की नट शांतपणे चहा प्यायला जातो. त्या शिवीनं कुणाचं मन दुखत नाही. तुमची शिवी मात्र समोरच्या खऱ्याखुऱ्या मुलाला ऐकू जाते. पिक्चरमध्ये ती सखाराम कसा आहे ते सांगते, शाळेत ती तुम्ही कसे आहात ते सांगते.

आता तो गाढवाचा दगड आठवा. भांडण दोन मुलांचं. पेन्सिल एकानं घेतली, ढकललं दुसऱ्यानं. आणि शिवी कुणाला? आईला, बहिणीला. ती बिचारी त्या वेळी घरी भाकऱ्या थापत असते नाहीतर कारखान्यात पाळीवर असते. तिचा काय संबंध? काही शिव्या जातीच्या नावानं दिल्या जातात. तिथं एका मुलाला नाही, त्याच्या सगळ्या घराला आणि वाडीला एका शब्दात खाली ढकललेलं असतं. जातीवरून असा अपमान करणं हा १९८९ च्या कायद्यानं गुन्हाही ठरू शकतो. आंधळा, लंगडा, वेडा हे शब्द शिवीसारखे फेकले की त्या दुखण्याशी रोज झगडणाऱ्याला ते लागतात. टीव्हीवर ठरावीक शब्दांवर 'बीप' वाजतो. पण जाड्या मुलाची, काळ्या मुलीची टर उडवणारा विनोद बीपशिवाय आरामात निघून जातो. म्हणजे बीपच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

राग येऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही. राग यायलाच हवा! पण या आठवड्यात एक करून पाहा. राग आला की ज्याचा आला त्यालाच, आणि ज्या गोष्टीचा आला तीच, पूर्ण वाक्यात सांगायची. "तू माझी वही फाडलीस. मला खूप राग आलाय. मला ती चिकटवून दे." शिवीपेक्षा हे बोलणं अवघड आहे, पण यात वही चिकटून मिळायची शक्यता तरी असते.

आणि तरीही जिभेवर शिवी आलीच, तर ती सोडण्याआधी स्वतःला विचारा: ही नेमकी लागणार कुणाला?