गारपीट शिवारात, चणचण शहरात

अमेरिकेतील चक्रीवाती वादळे शहरेच्या शहरे जमीनदोस्त करतात, तेव्हा हानी डोळ्यांना दिसते. नाशिकवरची वादळे निराळी असतात. ती शिवारात कोसळतात आणि त्यांचा तडाखा शहराला सावकाश जाणवतो. 26 नोव्हेंबर 2023 रोजी निफाड, दिंडोरीसह जिल्ह्यात अनेक ठिकाणी गारपीट झाली. द्राक्षांचे घड फुटले, कांदा आडवा झाला. शहरातील इमारती मात्र जागच्या जागी उभ्या होत्या.

परंतु या शहराचे अर्थकारण द्राक्ष आणि कांदा यांच्याशी किती घट्ट बांधलेले आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बाग गेली की विरळणी-तोडणीच्या मजुरांचा रोजगार जातो. मालमोटारी, शीतगृहे, खोक्यांचे कारखाने थंडावतात. आणि अखेर रविवार कारंजावरच्या दुकानदाराची उधारी थकते.

आता मदतीचे गणित पाहावे. केंद्राच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांनुसार बहुवार्षिक पिकांना हेक्टरी 22,500 रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत आणि नुकसान किमान 33 टक्के असेल तरच. द्राक्षबागेचा हेक्टरी खर्च काही लाखांच्या घरात जातो. शिवाय ही मदत हेक्टरांत मोजली जाते; ज्याच्या नावावर हेक्टरच नाही, त्या मजुराचे नुकसान पंचनाम्यात येतच नाही.

निसर्गाने जे हिरावले नाही, ते धोरणाने हिरावले. गारपिटीला दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद करण्यात आली; ती मे 2024 मध्ये खुली झाली. उत्पादन घटले असता वाढणारी किंमत हाच उत्पादकाचा एकमेव स्वाभाविक विमा असतो. शहरी ग्राहकाला दिलासा देण्यासाठी तो काढून घेतला गेला. ग्राहकाचे हित गौण आहे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याची किंमत सरकारी तिजोरीने मोजावी, गारपीटग्रस्ताने नव्हे.

उपाय अशक्यप्राय नाहीत. बागांवरील प्लॅस्टिक आच्छादनास पुरेसे अनुदान, उत्पादनखर्चाशी निगडित विमा, बुडालेल्या मजुरीच्या दिवसांसाठी रोजगार हमीची कामे आणि आपत्तीनंतरच्या हंगामात निर्यातबंदी न करण्याचे अभिवचन, एवढे तरी शासनाने करावे.

गारा थांबविणे कोणाच्याही हाती नाही. त्यांचा भार कोणी वाहावा, हे ठरविणे मात्र आपल्याच हाती आहे.