रॅम वाढवण्याआधी लीक शोधा

आमच्या धंद्यात एक ठरलेला प्रकार आहे. सर्व्हर हळू झाला की मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "रॅम वाढवा." मेमरी नेमकी कुठे गळतेय हे बघायला कोणाला वेळ नसतो. रॅम विकत मिळते, त्यामुळे खपून जातं. रक्त मात्र कुठल्याच फॅक्टरीत बनत नाही.

गारखेड्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हेडगेवार रुग्णालय हाकेच्या अंतरावर, आसपास आणखी हॉस्पिटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज ठरलेला: "उद्या बायपास आहे, बी पॉझिटिव्हच्या चार बाटल्या अर्जंट." मे महिन्यात तर हाल विचारू नका. कॉलेजं बंद, शिबिरं कमी. आपण रक्त देतो, द्यायलाच हवं. पण चार बाटल्या का लागतात, हे आपण कधीच विचारत नाही!

थोडं आत डोकावू. ओपन हार्टमध्ये हार्ट-लंग मशीन जोडतात. त्याच्या नळ्या भरायला साधारण एक-दीड लिटर द्रव लागतो. माणसाच्या अंगात रक्त असतं चार-पाच लिटर, म्हणजे ते लगेच पातळ होतं. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, प्लेटलेट्सचीही वाट लागते, आणि रक्तस्राव वाढतो.

यातल्या प्रत्येक गळतीवर उपाय आहे. नळ्या आखूड ठेवायच्या. सांडलेलं रक्त सेल सेव्हर मशीनने गोळा करून, धुऊन पेशंटलाच परत द्यायचं. ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड द्यायचं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ४,६०० हून जास्त पेशंटवरच्या अटाकास चाचणीत त्याने रक्तस्राव कमी झाला (फिट येण्याचं प्रमाण मात्र थोडं वाढलं, म्हणून डोस जपून).

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे थ्रेशोल्ड. अलर्ट किती टक्क्यांना वाजवायचा यावर आम्ही तासन् तास भांडतो ना, तसंच इथे. २०१७ च्याच ट्रिक्स-३ चाचणीत १९ देशांतले पाच हजारांवर पेशंट होते. एका गटाला हिमोग्लोबिन ९.५ च्या खाली गेलं की रक्त, दुसऱ्याला थेट ७.५ च्या खाली गेल्यावरच. पहिल्या गटात ७२.६ टक्के लोकांना रक्त लागलं, दुसऱ्यात ५२.३ टक्के. आणि मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, किडनी निकामी होणं? कमी रक्त घेणाऱ्यांचं काहीही जास्त बिघडलं नाही.

याचा अर्थ रक्त वाईट, असा अजिबात नाही. धो-धो रक्त जात असेल तर बाटलीच जीव वाचवते. ताज्या हार्ट अटॅकच्या पेशंटचं गणितही वेगळं असू शकतं. तो निर्णय डॉक्टरांचा. पण "बाटली चढवली, आता ताकद येईल" हा आपला समज मात्र सोडून द्यायला हवा. दुसऱ्याचं रक्त म्हणजे एक छोटं प्रत्यारोपणच.

आता खरी मेख. सगळ्यात मोठी गळती ऑपरेशनच्या आधीची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. आधीच हिमोग्लोबिन नऊ, त्यात शरीरयष्टी लहान, म्हणजे मशीनवर रक्त आणखी पातळ होणार. आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर जेवलेल्या आईला बाटल्या जास्त लागतात, त्या ऑपरेशन थिएटरमुळे नव्हे. ती गळती घरातली आहे.

ऑपरेशन इमर्जन्सी नसेल तर मध्ये काही आठवडे मिळतात. तेवढ्यात लोह कमी आहे का ते तपासून गोळ्या किंवा सलाईनमधून लोह देता येतं. म्हणून मंडळी, घरात कोणाच्या व्हॉल्व्हची, बायपासची तारीख ठरत असेल तर डोनर शोधायच्या आधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. हिमोग्लोबिन किती आहे आणि आधी वाढवता येईल का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या? (स्वतःच्या मनाने बिलकुल नाही!) सेल सेव्हर आहे का?

आईचं हिमोग्लोबिन तर ऑपरेशन नसतानाही विचारा. हा वीकेंड त्यासाठी चांगला आहे.